न्यू टाउनच्या गाळातून बर्फाच्या मुलखाकडे

कोलकात्याला जाऊन बर्फात खेळून आले, असे सांगितले तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण खरेच तसे घडले. डिसेंबरात नागपूरहून गीतांजलीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला उतरले. माझी मोठी बहीण न्यू टाउनमध्ये राहते. भाऊजी बांधकामाच्या कामावर इंजिनीअर आहेत. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, बारावीला आहे. मी येणार म्हणून तिने आधीच बेत ठरवून ठेवला होता, "मावशी, पहिल्यांदा बर्फ बघायचा, मग बाकीचं कोलकाता!"

तिथल्या एका मॉलमध्ये कृत्रिम बर्फाचे दालन आहे. दारात जाड जाकिटे, हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे बूट भाड्याने मिळाले. आत शिरताच नाकाचा शेंडा बधिर झाला. लहान मुले बर्फाचे गोळे फेकत होती, त्यांच्या आया फोटो काढत होत्या. एका कोपऱ्यात पेंग्विनचा पुतळा होता आणि त्याच्या शेजारीच पांढरे अस्वल उभे होते.

भाची हसायला लागली. "मावशी, हे दोघं शेजारी कधीच भेटत नाहीत. अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला. आणि हा बर्फही नुसता पडून राहतो. खरा हिमनदीचा बर्फ वाहतो."

"बर्फ आणि वाहतो?" मी विचारले.

"हो! वर्षानुवर्षं बर्फावर बर्फ साचतो, खालचा थर दाबला जाऊन निळसर, कठीण होतो आणि स्वतःच्याच वजनानं उताराकडे सरकायला लागतो. रोज काही इंच, कुठे त्याहून जास्त. म्हणून तर तिला नदी म्हणायचं."

एवढे सगळे तिला कसे ठाऊक, याचा उलगडा रात्री जेवताना झाला.

जेवणाच्या टेबलावरचा वाद

भाचीला कॉम्प्युटर शिकायचा नाही. तिला भूशास्त्र घ्यायचे आहे आणि पुढे हिमनद्यांवर, जमलेच तर अंटार्क्टिकावर काम करायचे आहे. भाऊजींना हे मुळीच पसंत नव्हते. "इथे खिडकीतून बाहेर बघ," ते तिला म्हणाले, "चार मोठ्या कंपन्यांची ऑफिसं दिसतील. घरून चालत नोकरीला जाता येईल. आणि तू दगडमाती शिकून डोंगरात फिरणार? मुलीच्या जातीनं?"

ताई गप्प होती. तिची भीती वेगळी होती. मुलगी दूर जाईल, थंडीवाऱ्यात राहील, दुखलेखुपले तर कोण बघणार? मी पाहुणी. दोन्ही बाजूंनी माझ्याकडेच पाहिले जात होते. मी एवढेच म्हणाले, "चार दिवस आहे मी इथे. जरा शहर बघू द्या, मग बोलू."

खरे तर भाचीने पुढच्या दोन दिवसांचा कार्यक्रमही आखलेला होता, आणि त्यातले एकही ठिकाण नेहमीच्या सहलीच्या यादीत नव्हते.

नव्या शहराची जुनी जमीन

न्यू टाउन हे कोलकात्याच्या पूर्वेला वसवलेले आखीव शहर. नेताजी सुभाषचंद्र बोस विमानतळापासून जवळ. १९९९ साली त्यासाठी 'हिडको' हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि राजारहाट भागातल्या भातशेतीवर, तळ्यांवर, मासे पाळण्याच्या 'भेडीं'वर भराव पडू लागला. आज तिथे रुंद रस्ते, उंच इमारती आणि चौकावर अधांतरी कडे टांगल्यासारखे दिसणारे 'विश्व बांगला' द्वार आहे. जुन्या कोलकात्याची ट्राम, हातरिक्षा, गल्लीबोळ यांतले इथे काहीच नाही. मात्र संध्याकाळी रस्त्याच्या कडेला फुचका खाणाऱ्यांची गर्दी आणि मिठाईच्या दुकानातला नोलेन गुळाचा संदेश पाहिला, की हे बंगालच आहे याची खात्री पटते.

सकाळी फिरायला गेलो तेव्हा एका नव्या इमारतीच्या कुंपणाजवळ भरावाच्या वाळूचा ढीग होता. भाचीने चिमूटभर वाळू माझ्या तळहातावर ठेवली. उन्हात तिच्यात बारीक चंदेरी कण चमकत होते.

"अभ्रक आहे," ती म्हणाली. "गंगेच्या वाळूत असतो. हा हिमालयातला खडक आहे, मावशी. हिमनद्यांनी घासला, पुरांनी वाहून आणला आणि इथे आणून टाकला."

विचार केला तर हे सारे कोलकाताच त्या गाळावर उभे आहे. शहराच्या पोटात खोल गेले तरी पक्का खडक सहजासहजी हाती लागत नाही. माती, वाळू, चिखल आणि मधूनमधून काळ्या, कुजलेल्या वनस्पतींचे थर. शियालदह भागात पूर्वी तलाव खोदताना सुंदरीच्या झाडांचे बुंधे मिळाले होते. म्हणजे आज जिथे आगगाड्या येतात तिथे कधीकाळी सुंदरबनासारखी दलदल होती.

याची मुळेही बर्फातच आहेत. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचे इतके पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. पुढे बर्फ वितळला, समुद्र वर चढला आणि गंगा-ब्रह्मपुत्रेने आणलेला गाळ किनाऱ्याशी साचत साचत आजचा त्रिभुज प्रदेश तयार झाला. बर्फ वितळला म्हणून हे शहर आहे. आणि उरलेला बर्फ फार वेगाने वितळला तर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असलेल्या या शहराचेच काय, खाली सुंदरबनातल्या बेटांचे काय होईल, हा प्रश्न इथल्या लोकांना पुस्तकी वाटत नाही. घोडामारा बेटाची जमीन समुद्राने कशी गिळत आणली आहे, हे बंगालमध्ये शाळकरी मुलालाही ठाऊक असते.

जादवपूरची सुदीप्ता

दुसऱ्या दिवशी आम्ही शहराच्या दक्षिण भागात जादवपूरला गेलो. न्यू टाउनहून बसने तासाभराहून अधिक वेळ लागला. विद्यापीठाच्या दारात चहाच्या टपऱ्या, भिंतींवर घोषणा, झाडाखाली वाद घालणारी मुले. "इथेच शिकल्या त्या," भाची म्हणाली. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर ज्यांचे वर्तमानपत्रातून कापलेले चित्र लावलेले आहे, त्या सुदीप्ता सेनगुप्ता यांच्याबद्दल ती बोलत होती.

सुदीप्ताबाईंचा जन्म १९४६ सालचा, कोलकात्यातला. वडील हवामानशास्त्रज्ञ. त्यांनी जादवपूर विद्यापीठात भूशास्त्र घेतले आणि १९७२ साली तिथूनच डॉक्टरेट मिळवली. त्यांचा विषय खडकांच्या रचनेचा. जमिनीच्या पोटातल्या दाबाने खडकांना घड्या कशा पडतात, ते कसे वाकतात, ताणले जातात आणि तुटतात, हे शोधून काढायचे. एखाद्या चुरगळलेल्या कागदाकडे पाहून तो कोणत्या बाजूने आणि किती वेळा चुरगळला असेल हे सांगण्यासारखेच हे काम आहे. फक्त कागद डोंगराएवढा आणि वय कोट्यवधी वर्षांचे!

अशा कामाला पायांत बळ हवे. सुदीप्ताबाईंनी दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत तेनसिंग नोर्गे यांच्या हाताखाली शिक्षण घेतले होते. १९७० साली हिमाचलातल्या लाहौल भागात एका अनामिक शिखरावर फक्त महिलांची एक मोहीम गेली, तिच्यात त्या होत्या. शिखर वीस हजार फुटांच्या आसपासचे. मोहीम फत्ते झाली आणि शिखराला 'ललना' असे नाव मिळाले. पण परतीच्या वाटेवर मोहिमेच्या नेत्या सुजया गुहा आणि त्यांची सहकारी कमला साहा या दोघींना मृत्यूने गाठले.

हे सांगताना भाचीचा आवाज खाली आला. "हे बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली. मला मात्र वाटले, हे सांगायलाच हवे. ज्या वाटेवर जायचे तिच्यातले खड्डे झाकून कुणाची परवानगी मिळवायची नसते.

सुदीप्ताबाईंनी डोंगर सोडले नाहीत आणि अभ्यासही सोडला नाही. १९७३ साली शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेल्या. पुढे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात त्यांनी काम केले. परदेशात राहणे सहज शक्य असताना त्या परतल्या. काही काळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्यात काम करून १९८२ साली आपल्याच जादवपूर विद्यापीठात शिकवू लागल्या. त्यानंतर वर्षभरातच त्यांना अंटार्क्टिकाचे बोलावणे आले.

बर्फावर पहिली दोन पावले

अंटार्क्टिका म्हणजे सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरचा, भारताच्या चौपटीहून मोठा खंड. त्याच्यावर सरासरी दोन किलोमीटरच्या आसपास जाडीचा बर्फ. जगातल्या गोड्या पाण्याचा सर्वांत मोठा साठा इथेच गोठून पडला आहे. जुलै १९८३ मध्ये तिथल्या व्होस्तोक या रशियन तळावर उणे ८९.२ अंश तापमान नोंदले गेले. जमिनीवरच्या हवामान केंद्रावर मोजलेले हे आजवरचे सर्वांत कमी तापमान.

त्याच वर्षी, १९८३ च्या डिसेंबरात, गोव्याहून भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम निघाली. नेते होते डॉ. हर्ष गुप्ता आणि जहाज होते 'फिनपोलारिस'. या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय महिला होत्या. एक सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या आपल्या नागपूरच्या!

हो, अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा. पुणे विद्यापीठातून बी.एस्सी., पुढे हवाई बेटांवरच्या विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिक्षण, आणि मग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत संशोधन. त्यांचा विषय समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती. डोळ्यांना न दिसणाऱ्या या हिरव्या कणांवर अंटार्क्टिकाच्या समुद्रातले सारे जीवन पोसले जाते. ते कण कोळंबीसारखे दिसणारे क्रिल खातात आणि क्रिल खाऊन पेंग्विन, सील आणि महाकाय देवमासे जगतात. पुढे पाचव्या मोहिमेतही अदितीताई गेल्या आणि १९९० नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी काम केले.

एक बाई पाण्याचा अभ्यास करणारी, दुसरी दगडाचा. बाईमाणसाला हे झेपेल का, ही शंका तेव्हा केवळ आपल्याकडेच होती असे नाही. अमेरिकेसारख्या देशाच्याही महिला शास्त्रज्ञांची पहिली तुकडी अंटार्क्टिकावर पोहोचली ती १९६९ साली. त्याआधी तो मुलूख पुरुषांचाच समजला जाई.

या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हा भारताचा पहिला कायमचा तळ उभा राहिला. त्या धामधुमीत सुदीप्ताबाई आपले हातोडी-होकायंत्र घेऊन शिरमाखर टेकड्यांवर जात. चहूकडे बर्फ असताना मध्येच पस्तीसेक चौरस किलोमीटरचा उघडा, खडकाळ पट्टा. त्यात शंभरांहून अधिक लहानमोठी गोड्या पाण्याची तळी. अंटार्क्टिकाचा अगदी थोडा भाग असा बर्फाबाहेर डोके काढून आहे, म्हणून भूशास्त्रज्ञाला तो सोन्याहून मोलाचा. खडकाचा प्रत्येक थर कोणत्या दिशेला किती अंशांनी कलला आहे हे मोजायचे, वहीत टिपायचे, नकाशावर उतरवायचे. वारा सुटला की हातमोजा काढून पेन्सिल धरणेही अवघड. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, त्यामुळे दिवस कुठे संपवायचा हे माणसाने स्वतःच ठरवायचे. ढगाळ हवेत बर्फ आणि आभाळ एकच पांढरे होऊन जाते, समोरची जमीन चढते आहे की उतरते आहे तेही कळत नाही.

अशा पायपिटीतून त्या टेकड्यांच्या रचनेचा नकाशा तयार झाला. तिथल्या खडकांना एकामागून एक अनेकदा घड्या पडल्या आहेत, हे त्यांनी उलगडले. १९८९ साली त्या पुन्हा अंटार्क्टिकावर गेल्या. त्याच वर्षी त्यांचे 'अंटार्क्टिका' हे बंगाली पुस्तक आले आणि १९९१ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. विज्ञानातला हा आपल्या देशातला फार मोठा मान.

आणि 'दक्षिण गंगोत्री'? सरकत्या बर्फावर बांधलेला तो तळ काही वर्षांतच बर्फाखाली गाडला गेला. १९८९ मध्ये भारताने दुसरा तळ, 'मैत्री', बांधला तो शिरमाखरच्या पक्क्या खडकावर. २०१२ साली तिसरा, 'भारती', सुरू झाला. बर्फावर घर बांधू नये, खडक बघून बांधावे! भाऊजींना पटेल असा हा धडा मी मनाशी टिपून ठेवला.

चंद्रपूरची हिमनदी

परतताना आम्ही चौरंगीवर उतरलो. तिथे भारतीय संग्रहालयाची पांढरी, खांबांची भव्य इमारत आहे. १८१४ साली स्थापन झालेले हे देशातले सर्वांत जुने संग्रहालय. आत ममी बघायला रांग असते. आम्ही गेलो दगडांच्या दालनात, तिथे फारशी गर्दी नव्हती. शेजारीच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मुख्यालय आहे. हे खाते १८५१ चे.

बर्फाचा आणि कोलकात्याचा संबंध किती जुना आहे ते इथे कळते. १८५६ साली या खात्याच्या ब्लॅनफर्ड बंधूंना ओडिशातल्या तालचेरजवळ विचित्र खडक दिसला. बारीक चिखलात लहानमोठे गोटे अस्ताव्यस्त रुतलेले. नदी दगड असे टाकत नाही, ती लहानमोठे निवडून टाकते. असे सरसकट ओझे आणून टाकते ती हिमनदी, किंवा तरंगता बर्फ. भर उष्ण प्रदेशात बर्फ? अनेकांचा विश्वास बसेना. पुढे १८७० च्या दशकात त्याच खात्याच्या फेडन यांना आणखी एक पुरावा मिळाला. पैनगंगेच्या काठी, चंद्रपूरजवळच्या इरई येथे. चुनखडीचा खडक घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे. बर्फात अडकलेले दगड खालच्या खडकावरून घासत जातात, तेव्हाच असे ओरखडे उठतात.

मी तर ऐकतच राहिले. आमचे चंद्रपूर! उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसत नाही, आणि तिथे हिमनदी? सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी होती. तेव्हा भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया हे सगळे एकाच विशाल भूखंडात जोडलेले होते आणि आपली भूमी दक्षिण ध्रुवाच्या बरीच जवळ होती. त्या भूखंडाला शास्त्रज्ञांनी नाव दिले 'गोंडवन', आपल्या गोंडांच्या मुलखावरून. वर्धा खोऱ्यातला कोळसा त्याच काळानंतरच्या जंगलांचा.

म्हणजे सुदीप्ताबाई अंटार्क्टिकावर गेल्या त्या परक्या मुलखात नव्हेच. एकाच घराच्या वाटण्या झाल्या, भाऊ दूर गेला, त्याच्याकडे इतक्या वर्षांनी कुणी माहेरचे माणूस भेटायला गेले, इतकेच.

याच खात्याच्या लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हिमालयातल्या हिमनद्यांच्या मुखांवर खुणा करून ठेवल्या. १९३५ साली ऑडन यांनी गंगोत्री हिमनदीच्या मुखाचा नकाशा केला. त्याच्याशी ताडून आज सांगता येते, की गंगोत्री तेव्हापासून एक किलोमीटरहून जास्त मागे गेली आहे. नव्वद वर्षांपूर्वी कुणी थंडीत कुडकुडत नकाशा काढला नसता तर आज मोजणार कशाशी? पुढे उपग्रह आले. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातल्या डॉ. अनिल कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्यांचा हिशेब मांडला. १९६२ साली २,०७७ चौरस किलोमीटर असलेले त्यांचे क्षेत्र १,६२८ वर आले होते. पाचव्या हिश्श्याहून अधिक घट!

पण उपग्रहाने दिसते ते वरून. बर्फ किती जाडीचा गेला, हे कळायला अजूनही माणसाला चढून जावे लागते. बर्फात भोके पाडून उंच काठ्या रोवतात. उन्हाळा संपल्यावर जाऊन काठी किती उघडी पडली ते मोजतात. वरच्या अंगाला खड्डा खणून नवा बर्फ किती साचला ते पाहतात. जमा आणि खर्च. आपल्या घरखर्चाच्या वहीसारखाच हा हिमनदीचा जमाखर्च आहे. फक्त वही चौदा-पंधरा हजार फुटांवर उघडावी लागते.

मुलांना या वाटेने जायचे असेल तर

घरोघरी अशी एखादी भाची किंवा भाचा असेल, म्हणून थोडी माहिती देते. बारावी विज्ञानानंतर भूशास्त्र हा विषय घेऊन बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करता येते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये हा विषय आहे. नागपूर विद्यापीठात पदव्युत्तर विभाग आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या अधिकाऱ्यांची निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते. अंटार्क्टिकाच्या मोहिमा गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाठवते. जाण्याआधी कसून वैद्यकीय तपासणी होते आणि उत्तराखंडात औली येथे बर्फात राहण्या-वागण्याचे शिक्षण दिले जाते. केवळ हौस म्हणून कुणालाही उचलून पाठवत नाहीत, हे आईवडिलांनी लक्षात घ्यावे.

आणि कोलकात्याला जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. न्यू टाउनला उतरलात तर इको पार्क चुकवू नका. ४८० एकरांचा हा परिसर २०१२ साली सुरू झाला. मोठे तळे, नौकाविहार आणि जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती मुलांना आवडतात. जवळच्या सेक्टर पाचपासून हावडा मैदानापर्यंत गंगेखालून जाणारी मेट्रो २०२५ च्या ऑगस्टपासून सलग सुरू झाली आहे. इको पार्क आणि भारतीय संग्रहालय दोन्ही सोमवारी बंद असतात, तेव्हा बेत त्याप्रमाणे आखावा.

काळ्या मातीचा गोळा

निघायच्या आदल्या रात्री पुन्हा तोच विषय निघाला. मी भाऊजींना सगळे सांगितले. चंद्रपूरच्या ओरखड्यांचे सांगितले, नागपूरच्या अदितीताईंचे सांगितले आणि ललना शिखरावरून न परतलेल्या दोघींचेही सांगितले. भाचीने माझ्याकडे रागाने पाहिले.

भाऊजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दोघींच्या घरच्यांचं काय झालं असेल?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ताई मात्र पहिल्यांदाच बोलली, "तुम्ही नव्या इमारतीवर अठराव्या मजल्यावर उभे असता, तेव्हा मी घरी काय करत असेन असं वाटतं तुम्हाला?"

कुणीच काही बोलले नाही. भाऊजी उठून आत गेले.

सकाळी मी सामान बांधत होते. भाऊजी पहाटेच साइटवर जाऊन आले होते. पायाच्या खांबांसाठी भोके पाडण्याचे काम चालू होते. हातात वर्तमानपत्राची एक ओली पुरचुंडी होती. त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर, ताईच्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर, तशीच उघडली. आत काळ्या चिखलाचा गोळा होता, कुजट वासाचा, आणि त्यात लाकडासारखे काहीतरी अडकलेले.

"तीस-पस्तीस फुटांवरून आलंय," ते लेकीला म्हणाले. "आमच्या माणसांनी नेहमीसारखं फेकून दिलं असतं. बघ जरा. काय आहे ते मला सांग."

ताई टेबलक्लॉथकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण थांबली. भाचीने चमच्याच्या टोकाने चिखल हळूच बाजूला केला आणि ते लाकूड उजेडाकडे धरले. माझी गाडी दुपारची होती. निघायला अजून वेळ होता. मीही खुर्ची ओढून शेजारी बसले.